हुशार मुलाला अडू द्या: प्राथमिक वर्गावर नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. फळ्यावर बेरजेची दहा उदाहरणं लिहून मी मागं वळेपर्यंत तिची चार झालेली असायची. "बाई, झालं." मग मी तिला आणखी दहा द्यायची. ती करायची. मग आणखी दहा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचं "झालं" ऐकू येईनासं झालं. मला वाटलं, पोरगी वर्गात रुळली. एक दिवस सहज तिच्या मागं जाऊन उभी राहिले. पाटीवरची उदाहरणं कधीच संपली होती, आणि बाकीच्यांचं होईपर्यंत ती एकेक उत्तर पुसून पुन्हा तेच लिहीत बसली होती. लवकर संपवलं की आणखी काम पदरात पडतं, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. आणि हे तिला मीच शिकवलं होतं.

त्या दिवसापासून मी या मुलांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आपल्या प्रशिक्षणात मागं पडणाऱ्या मुलांबद्दल बरंच सांगितलं जातं, आणि ते सांगायलाच हवं. पुढं पळणाऱ्या मुलाबद्दल मात्र "त्याचं काय, तो करतोच" एवढ्यावर विषय संपतो. तो करतोच, हे खरं. पण बिनकष्टात करतो. चौथीपर्यंत ज्याला एकही गोष्ट दोनदा वाचावी लागली नाही, ते मूल सहावी-सातवीत पहिल्यांदा अडतं तेव्हा अडल्यावर काय करायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. आपली हुशारी संपली असं त्याला वाटतं. काही मुलं तिथंच पुस्तक मिटतात. म्हणून प्राथमिक शाळेत त्यांच्यासाठी मी एकच गोष्ट धरून ठेवते: आठवड्यातून निदान एकदा त्यांना खरोखर अडायला मिळालं पाहिजे, आणि त्या वेळी आपण शेजारी असलं पाहिजे.

खाली सांगितलेलं सगळं पस्तीसच्या पटाच्या वर्गात, द्विशिक्षकी शाळेत, वेगळा पैसा न घालता केलेलं आहे.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं बघा

रुजू झाल्या झाल्या कुणाला हुशार ठरवू नका. मागच्या वर्षीच्या श्रेणी बघून तर मुळीच नको. जिचं हस्ताक्षर सुंदर, जी रोज गृहपाठ करून आणते, जी हात वर केल्याशिवाय बोलत नाही, ती मुलगी गुणी आहे. ती प्रज्ञावंत असेल किंवा नसेलही. आणि ज्याची वही म्हणजे नुसता गिचमिड कारभार, जो मधेच उठून "पण बाई, असं का?" म्हणतो, तो कदाचित असेल. या मुलांचं डोकं हाताच्या पुढं धावतं, त्यामुळं अक्षर बिघडतं आणि मधल्या पायऱ्या गळतात. उत्तर बरोबर असतं. रीत विचारली की "मला दिसलं" म्हणतात.

एक साधी वही करा, प्रत्येक मुलाला एक पान. त्यात विशेषणं लिहू नका, घडलेलं लिहा. "चौकस आहे" या नोंदीचा पुढं काही उपयोग होत नाही. "आज विचारलं की शून्याला शून्यानं भागलं तर?" या नोंदीचा होतो. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी तशाही लिहायच्याच असतात, त्या या वहीतून आयत्या निघतात.

काय टिपायचं? स्वतःची वेगळी रीत शोधणं. एका विषयाचं वेड (माझ्या वर्गात एकाला एसटीच्या वेळापत्रकाचं होतं, कुठली गाडी कुठल्या गाडीला कुठं भेटते हे तो तोंडी सांगायचा). दोन लांबच्या गोष्टी एकत्र जोडणं. मोठ्यांना कळेल असा विनोद. खेळात कुणावर अन्याय झाला की स्वतःचा संबंध नसताना भांडायला उठणं. आणि कंटाळा. वर्गात सारखा त्रास देणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी त्याला एकदा त्याच्या इयत्तेच्या वरचं काहीतरी देऊन बघा.

आता, आपली नजर कुणाला चुकवते ते सांगते, कारण या भागात मी स्वतः सगळ्यात जास्त चुकले आहे.

कारखान्याच्या भागातल्या एका शाळेत असताना ऊसतोड कामगारांची मुलं हंगामात यायची आणि हंगाम संपला की जायची. त्यातला एक तिसरीतला मुलगा. त्याला भागाकार मांडता येत नव्हता, वाचन अडखळत होतं, माझ्या यादीत तो "अप्रगत" होता. एकदा त्याच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेले तर तो आईला हिशेब सांगत होता: मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, आजवर किती टन तोडला, किती फिटली, आणि याच चालीनं तोडला तर किती दिवसांत सगळी फिटेल. तोंडी. बोटंसुद्धा न मोडता. शाळेत मी त्याला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला शिकवत होते. माझी चाचणी फक्त मांडणी तपासत होती, त्याची बुद्धी तिच्या वाटेतच येत नव्हती.

घरी पावरी, भिली, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारं मूल सुरुवातीला बरेच दिवस मराठीत गप्प राहू शकतं. त्या गप्प बसण्याला मंदपणा समजू नका. त्याला कृती द्या, चित्र द्या, खडे-बिया द्या, आणि मग बघा. काही मुली चौथीच्या सुमारास मुद्दाम मागं राहायला लागतात, कारण "शहाणी" म्हणून चिडवलं जातं. आणि काही मुलांचा अक्षरांत गोंधळ होतो, लेखन जमत नाही, पण तर्क विलक्षण असतो. एकाच मुलात अध्ययन अक्षमता आणि प्रज्ञा दोन्ही असू शकतात; अशा वेळी एक दुसरीला झाकते आणि मूल मधोमध सामान्य दिसतं. त्याचं उत्तर तोंडी घ्या, आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोला. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्यामुळं मदत मागताना संकोच नको.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये एक मांडणी केली. सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेलं काम तडीस नेण्याची चिकाटी ही तीन वर्तुळं जिथं एकमेकांत मिसळतात तिथं प्रज्ञा प्रकटते, असं ते म्हणतात. मला ही मांडणी शिक्का मारण्यापेक्षा दुसऱ्याच कामाला उपयोगी पडते. वहीतलं पान बघून मी विचारते, या मुलाचं कुठलं वर्तुळ आज बारीक आहे? बहुतेक वेळा चिकाटीचं असतं. आणि ते बारीक असतं, कारण चिकाटी लागेल असं काही आपण त्याला दिलेलंच नसतं.

मोबाइलवर मिळणाऱ्या बुद्ध्यांक चाचण्यांच्या नादी लागू नका. आणि वर्गात कुणालाही "हा आपला हुशार" म्हणून उभं करू नका.

दुसरी पायरी: धडा आटवा

दूध आटवतात तसा. पाणी उडून जातं, सत्त्व राहतं.

गणिताचा नवा घटक सुरू करण्याआधी त्या घटकाच्या शेवटच्या सरावसंचातली सगळ्यात अवघड पाच उदाहरणं सगळ्या वर्गाला द्या. "हे अजून शिकवलेलं नाही, येईल तेवढं करा, गुण नाहीत" एवढं स्पष्ट सांगा. ज्यांची चार किंवा पाच बरोबर येतील त्यांना त्या घटकाचा सराव करायची गरज नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. परदेशात रेंझुली आणि सॅली रीस यांनी ही रीत नीट बांधून दिली. आपल्याकडं ती फारशी कुणी वापरत नाही, कारण पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक उदाहरण प्रत्येक वहीत उतरलंच पाहिजे अशी आपल्याला धास्ती असते. तपासणीला आलेल्या साहेबांनी रिकामी पानं दाखवली तर? म्हणून ती पाच उदाहरणांची चाचणी मुलाच्या वहीतच सोडवून घ्यायची, तारीख घालायची, खाली "घटक अवगत" लिहून सही करायची. आजवर मला यावर कुणी अडवलेलं नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. उत्तर येणं आणि समजणं यात फरक आहे. शिकवणीला जाणारं मूल हातच्याची वजाबाकी यंत्रासारखी करतं. त्याला दशकाच्या काड्यांचे गठ्ठे द्या आणि म्हणा, "५२ मधून २७ काढताना हातचा कुठून आला ते मला दाखव." जे गठ्ठा सोडून दाखवतं त्याला समजलं आहे. जे "आईनं असंच सांगितलंय" म्हणतं त्याला इतरांबरोबर शिकू द्या, भले त्याची पाचही उत्तरं बरोबर असोत.

तिसरी पायरी: वाचलेल्या वेळात काय द्यायचं

खरं काम इथं आहे, म्हणून इथं थोडं रेंगाळते.

पहिला मोह वरच्या इयत्तेचं पुस्तक देण्याचा होतो. कधीकधी ते योग्यही असतं. पण तिसरीतल्या मुलाला चौथीचा भागाकार शिकवला तर पुढच्या वर्षी ते पुन्हा रिकामं बसणार. त्यापेक्षा त्याच इयत्तेतला विषय खाली खणायचा.

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे प्रश्न उलटा करणं. "४७ आणि ३८ यांची बेरीज किती?" याला एकच उत्तर आहे आणि ते दहा सेकंदांत येतं. त्याऐवजी विचारा: "कुठल्या दोन दोन-अंकी संख्यांची बेरीज ८५ येते? अशा जोड्या एकूण किती? आणि आता एकही राहिली नाही, हे तू मला कशावरून सांगतोस?" अदलाबदल वेगळी मोजली नाही तर जोड्या ३३ आहेत, १० आणि ७५ पासून ४२ आणि ४३ पर्यंत. पण उत्तरापेक्षा तो शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. सुरुवातीला मुलं सुचतील तशा जोड्या लिहीत सुटतात, मग काही दोनदा येतात, काही राहतात, मग चिडतात. इथं ती अडतात. आणि मग कुणीतरी क्रमानं लिहायला लागतं. क्रमानं लिहिणं म्हणजेच सिद्ध करण्याची सुरुवात, हे त्या वयात सांगायची गरज नसते. त्यांना ते हाताला लागतं.

दुसरं, माझं सगळ्यात आवडतं. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं शिकवणारे एक शिक्षक होते, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शाळेतल्या नोकरीबरोबर त्यांनी संख्यांशी खेळता खेळता शोध लावले, आणि १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचं गुपित हाती आलं. आज जगभर तिला कापरेकर स्थिरांक म्हणतात. ही संख्या प्रत्येक मराठी शाळेतल्या मुलाला ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं, आणि तिला लागतं काय? फक्त वजाबाकी.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं लिहा, ५४३२. चढत्या क्रमानं लिहा, २३४५. वजा करा, ३०८७. आता याच संख्येवर तेच करा: ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. आणखी एकदा केलं तर ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच पोहोचता.

वर्गात मी हे सांगत नाही. एक संख्या फळ्यावर करून दाखवते आणि म्हणते, तुमच्या आवडीची घ्या आणि कुठं जाते बघा. पाच-सात मिनिटांनी एकजण ओरडतो "माझं ६१७४ वर अडकलं", मग दुसरा, मग तिसरी, आणि वर्गात जी शांतता पसरते ती अनुभवल्याशिवाय कळणार नाही. सगळा वर्ग त्या तासात वजाबाकीची वीस उदाहरणं करून मोकळा होतो, कुणी न सांगता. मात्र मधे कुणी चुकलं तरी पुढच्या पायऱ्या बरोबर केल्या तर संख्या बहुधा ६१७४ वरच येते, त्यामुळं पायऱ्या तपासाव्या लागतात.

त्यानंतर पुढं पळणाऱ्यांसाठी दार उघडं आहे. तीन अंकी संख्यांचं काय होतं? २११ पासून निघालात तर ९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४ आणि मग ४९५ वर मुक्काम. (९९ आलं की पुढं ०९९ असं तीन अंकी लिहायचं, हे आधी सांगून ठेवा.) चौथीतल्या एका मुलीनं या रांगेकडं बघून विचारलं, "बाई, मधला अंक कायम नऊच का येतो?" मी उत्तर दिलं नाही. आठवडाभर ती त्याच्या मागं होती. दोन अंकी संख्या तर कुठं थांबतच नाहीत: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, अशा गोल फिरत राहतात. कापरेकरांनी हर्षद संख्याही दिल्या, म्हणजे अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या, जशी १८ ला ९ नं. शंभरापर्यंतच्या हर्षद संख्या शोधणं हे भागाकार शिकलेल्या मुलाला दोन दिवस पुरतं.

भाषेत काय करायचं? जे मूल धडा शिकवण्याआधीच सगळं पुस्तक वाचून बसलेलं असतं त्याला धड्याखालची प्रश्नोत्तरं लिहायला लावणं ही शिक्षा आहे. माझ्याकडं अशा मुलांनी "आमच्या गावचा शब्दकोश" केला. पुस्तकात मुलगा असतो. मालवणात तो झील होतो, खानदेशात आंडोर, वऱ्हाडात पोट्टा. आजीकडून शब्द आणायचे, अर्थ लिहायचा, एक वाक्य करायचं, आणि शब्द अकारविल्हे लावायचे. अकारविल्हे लावतानाच मुलं अडतात. क्ष कुठं ठेवायचा? अनुस्वाराचा शब्द आधी की नंतर? मग खरा शब्दकोश उघडला जातो, आणि तो कसा रचलेला असतो ते तेव्हा दिसतं.

परिसर अभ्यासात पावसाळ्याचे दिवस वाया घालवू नका. सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची बरणी अंगणात ठेवा, रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं कळलं की शाळेचं छप्पर मोजायचं. १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर १२०० लिटर पाणी वाहून गेलं. आमच्या चौथीच्या मुलांनी हा आकडा काढला तेव्हा त्यांचा त्यावर विश्वासच बसेना. मग प्रश्न त्यांचेच: शाळेच्या टाकीत किती मावतं? उन्हाळ्यात आपल्याला रोज किती लागतं? छप्पर उतरतं आहे, मग लांबी उतारावरून मोजायची की जमिनीवरून? हा शेवटचा प्रश्न मला सुचलेला नव्हता. (जमिनीवरून. पाऊस वरून सरळ पडतो असं धरलं तर छपराची सावली जेवढी जागा व्यापेल तेवढंच पाणी मिळतं.)

साहित्याची चिंता करू नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. मराठी विश्वकोश खुला आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला अरविंद गुप्ता यांनी जे उभं केलं आहे, त्यातलं पुष्कळ मराठीतही आहे, आणि तेही मोफत.

चौथी पायरी: हे सगळं एका वर्गात बसवायचं कसं

एक पुठ्ठ्याची पेटी घ्या. तिच्यात कार्डांवर असे प्रश्न लिहून ठेवा, पंधरा-वीस पुरेत. काम संपलेल्या कुणालाही पेटीकडं जाता येतं, फक्त ठरावीक मुलांनाच नाही. हा नियम मोडू नका. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती असं एखादं मूल दरवर्षी या पेटीनंच मला दाखवलं आहे.

पेटीबरोबर एक अडणवही. प्रश्न सुटला तर उत्तर लिहायचं, पण अडलं तर ते आधी लिहायचं: मी काय करून बघितलं, कुठं अडलो, आता काय करून बघणार. तीन ओळी. सुरुवातीला मुलं "येत नाही" एवढंच लिहितात. तेव्हा शेजारी बसून विचारावं लागतं, "काय येत नाही? इथपर्यंत आलं ना? मग पुढचं कुठलं?" महिन्याभरात लिहायला लागतात. शुक्रवारी शेवटच्या तासाला दहा मिनिटं मी या वह्या घेऊन बसते, आणि ज्याची अडण चांगली आहे त्याची वर्गाला वाचून दाखवते. उत्तर नाही, अडण. काही दिवसांनी मुलं आपली अडण वाचली जावी म्हणून धडपडतात.

बहुवर्ग शाळेत, म्हणजे एका शिक्षकाकडं अनेक इयत्ता असलेल्या शाळेत, असाल तर तुमच्या हातात एक मोठी सोय आहे. शहरातल्या शाळांना जे मुद्दाम जुळवावं लागतं ते तुमच्याकडं आपोआप घडतं: दुसरीतलं मूल कान देऊन चौथीचं गणित ऐकत असतं. त्याला ऐकू द्या. "तुझं काम कर" म्हणू नका. त्या एका विषयापुरतं त्याला चौथीच्या गटात बसवा, बाकी वेळ ते आपल्या सवंगड्यांत राहील. मात्र अख्खी इयत्ता गाळून वर बसवण्याचा निर्णय एकट्या वर्गशिक्षकाचा नाही. त्यात वय, नियम, घर, मुलाचं मन सगळं येतं, आणि मी स्वतः तसा आग्रह कधी धरलेला नाही.

एका सवयीबद्दल मात्र कडक बोलते, कारण ती आपल्या सगळ्यांना लागलेली आहे. हुशार मुलाला छोटे गुरुजी करून टाकणं. वह्या तपास, मागच्यांना शिकव, मी ऑफिसात जाऊन येते तोवर वर्ग सांभाळ. मित्राला समजावून सांगण्यात दोघांचाही फायदा होतो, आठवड्यातून एक-दोनदा जरूर करू द्या. पण रोजचं ते काम झालं तर त्या मुलाचं शिकणं थांबतं, आणि वर्गाशी त्याचं नातं बिघडतं. ते शाळेत शिकायला आलं आहे. तो त्याचा हक्क आहे.

पाचवी पायरी: त्याचं मन

वीसपैकी एकोणीस मिळाले म्हणून रडणारं, एक खाडाखोड झाली म्हणून पान फाडणारं मूल तुमच्याकडं येईल. त्याला आजवर घरादारानं एकच ओळख दिलेली असते: हा कधी चुकत नाही. ती ओळख जपण्यासाठी ते नवीन, अवघड काही हातातच घेत नाही.

१९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. "तू हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढं सोपं काम निवडू लागली, आणि "तू मेहनत घेतलीस" असं ऐकलेली मुलं अवघड कामाकडं वळली. मी हे वाचलं त्याआधी अनेक वर्षं वर्गात "शाब्बास, हुशार आहेस!" म्हणत होते. सवय मोडायला वेळ लागला. आता जे बघितलं ते म्हणते: "दुसरी रीत जमली नाही म्हणून तू तिसरी करून बघितलीस."

आणि त्यांच्यासमोर स्वतः अडा. नाटक करून नाही, खरंच. त्या उताराच्या प्रश्नावर मी म्हणाले, "मला नक्की सांगता येत नाही, उद्या पुठ्ठा आणि टॉर्च घेऊन करून बघू." बाईंनासुद्धा येत नाही आणि तरी त्या हसतायत, हे बघणं काही मुलांना धड्यापेक्षा जास्त हवं असतं.

जमेल तेव्हा आवडीनं जुळणारी दोन-तीन मुलं एकत्र बसवा. एकटी पडलेली हुशारी फार लवकर गप्प होते. गावात दुसरं कुणी नसेल तर शिक्षण परिषदेत शेजारच्या शाळेतल्या शिक्षकांना विचारा. आम्ही दोन शाळांच्या मुलांची अडणवही एकमेकांकडं पाठवायचो, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला जाताना पिशवीत घालून.

पालक आणि परीक्षा

"तुमचं मूल फार हुशार आहे" असं सांगितलं की दोनपैकी एक उत्तर येतं. एक, "मग आतापासून नवोदयचा क्लास लावू का?" दुसरं, "शिकून काय करणार, बाई?" दोन्हींवर उपाय एकच. हुशार हा शब्द न वापरता वहीतलं पान वाचून दाखवायचं. तिनं असं विचारलं, असं करून बघितलं. घरी काय करता येईल ते नेमकं सांगायचं: बाजाराला नेताना हिशेब तिच्याकडं द्या, शेतात नेऊन प्रश्न विचारू द्या, रात्री पाच मिनिटं तिचं ऐका.

परीक्षांची माहिती तुमच्याकडं पक्की हवी. शिष्यवृत्ती परीक्षेत दीडशे-दीडशे गुणांचे दोन पेपर असतात: एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. ती पूर्वी चौथी-सातवीला होती, नंतर पाचवी-आठवीला गेली, आणि इयत्तेचा निर्णय पुन्हा बदलतो. त्या वर्षीचं परिपत्रक हातात घेऊनच बोला. केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयांची निवड परीक्षा पाचवीत असते, प्रवेश सहावीत. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण, त्यातले निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे. निवासी शिक्षण आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, त्यामुळं खेड्यातल्या मुलाला ही खरोखरची संधी आहे. पाचवीत वर्षभर तयारी करून घ्या, मी दरवर्षी घेते. पण दुसरी-तिसरीतल्या मुलाला प्रश्नसंचाला जुंपू नका. चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय लवकर लागली की मूल स्वतःचा प्रश्न विचारणं सोडून देतं. आणि निवड न झालेल्या मुलाचं पान वहीतून फाडायचं नसतं.

"हे जादा कशाला?" असं मुख्याध्यापकांनी विचारलं तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० दाखवा. विशेष आवड आणि प्रतिभा असलेल्या मुलांना शिक्षकांनी नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडं प्रोत्साहन द्यावं, शाळा आणि शाळासंकुल पातळीवर विषयांची मंडळं असावीत, असं त्यात आहे. आपल्याकडं हा विचार नवाही नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठीच, आणि १९६९ पासून तिची प्रशाला आहे. तिथं निवडलेली मुलं येतात, तुमच्या वर्गात गावातलं प्रत्येक मूल येतं. त्यामुळं रीत वेगळी लागेल, पण काळजी तीच.

जाता जाता, एप्रिलमधलं एक काम

वर्ष संपताना प्रगतिपुस्तकाबरोबर पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात एक पान द्या. नाहीतर जूनमध्ये ते मूल पुन्हा पहिल्या दहा उदाहरणांपाशी येऊन बसतं. त्या नऊच्या मागं लागलेल्या मुलीचं पान मी असं लिहिलं होतं:

"संख्यांत रमते. वजाबाकी पक्की आहे, पुन्हा सराव नको. अक्षर सावकाश येतं, वहीवरून तिला पारखू नये. अडली की आधी रडायची, आता वहीत लिहिते. गटात दोघींबरोबर छान काम करते, चौघींत गप्प बसते. मधला अंक नऊ का येतो, हे तिनं स्वतः शोधलं. सध्या पाच अंकी संख्यांवर अडली आहे. त्या कुठं थांबतात का, हे बघते आहे. उत्तर सांगू नये."